शिकंज्यांची फळी कुणाच्या उंचीची?

(चिखली-तळवडे भागातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मला इथं उभं करताना ताई म्हणाल्या, 'तुमचा अनुभव सांगा.' अनुभव सांगायचा म्हटलं की बाईनं डोळ्याला पदर लावायचा, अशी आपल्यात एक पद्धतच पडली आहे. मी आज रडणार नाही. भिंतीवर एक फळी कशी लावायची ते सांगणार आहे. मसाल्याच्या डब्यांची फळी नव्हे, शिकंजे टांगायची फळी. काहीजणी हसल्या, ते बरं झालं. मीही हसले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन लाकडं सरसानं चिकटवली की सरस वाळेपर्यंत ती घट्ट दाबून धरावी लागतात. ते दाबून धरणारं लोखंडी साधन म्हणजे शिकंजा. जुने सुतार शिकंजा म्हणतात, चाकणच्या शेडमध्ये सगळे क्लॅम्प म्हणतात. मीही दोन्ही म्हणते. एक येतो इंग्रजी सी अक्षरासारखा, त्याला खालून आटे असलेला दांडा. एक एफसारखा, त्याचा एक जबडा पट्टीवरून मागंपुढं सरकतो. एक लांबलचक, तीन-चार फुटी, तो टेबलाची फळी जोडायला. आणि एक स्प्रिंगचा चिमटा, कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोरला भाऊ. आता यात बायकांच्या प्रश्नाचा काय संबंध, असं तुमच्या मनात आलं असेल. मला तो संबंध कळायला सहा वर्षं लागली.

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने सगळ्यांना दिसतात. पण गाड्यांचे सुटे भाग परदेशी जातात ते लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून, आणि ती खोकी ठोकणारी शेडं रस्त्यावरून दिसत नाहीत. अशा एका शेडमध्ये मी ठेकेदाराकडून कामाला होते. आठ-दहा पुरुष मिस्त्री, आम्ही सहा बायका हेल्पर. आमचं काम म्हणजे जुन्या फळ्यांचे खिळे उपसायचे, फळ्या घासायच्या, शिक्के मारायचे, भुसा झाडायचा. जोडणी मिस्त्री करणार.

जोडणी मला येत होती. माझे वडील सुतार. लहानपणी त्यांच्या समोर बसून मी पाट धरलेले आहेत. 'धर गं' एवढंच माझं शिक्षण, पण धरता धरता डोळ्यांनी शिकता येतं. शेडमध्येही मिस्त्री जेवायला गेले की मी दोन फळ्या जोडून बघायची. अडायचं एकाच ठिकाणी. क्लॅम्प टांगलेले होते सहा फुटांवर. भिंतीला लोखंडी अँगल मारलेला आणि त्यावर ओळीनं सगळे टांगलेले. माझी उंची चार फूट अकरा इंच. हात वर केला तर बोटं पोचायची, पण दोन-तीन किलोचं लोखंड बोटांच्या टोकांनी काढता येत नाही, आलं तर डोक्यावर येतं. खोक्यावर चढले तर सुपरवायझर ओरडायचा, 'पडलात तर आमच्या गळ्यात.' मग काय करायचं? 'ओ भाऊ, जरा तो क्लॅम्प काढून द्या ना.' भाऊ त्याच्या कामात. तो येईपर्यंत सरस अर्धा वाळलेला. तो आला की म्हणणार, 'ताई, राहू द्या, मीच लावतो.' प्रेमानं म्हणायचा, ते खोटं नाही. पण झालं काय, की सहा वर्षांत माझ्या हातानं एकही खोकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरं झालं नाही.

आणि मग दर ठरवायची वेळ आली. तुम्हाला माहीत आहे, तेव्हा १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली मजुरीचे दर ठरायचे ते अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्यांनी. मिस्त्री कुशल, आम्ही अकुशल. मी विचारलं, मला जोडणी येते, मला वरची पायरी का नाही? उत्तर मिळालं, 'तुम्हाला एकटीला काम उरकत नाही. दर वेळी कुणीतरी माणूस लागतो.' मैत्रिणींनो, हे खरं होतं! माणूस लागत होता. कारण क्लॅम्प सहा फुटांवर होता.

मी विचारलं, तो अँगल दीड फूट खाली घ्या की. आठ बोल्ट होते. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तासाभराचं काम. पहिल्यांदा विचारलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, 'मग पुरुषांना वाकावं लागेल.'

हे वाक्य मी घरी घेऊन आले.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. त्या शेडमध्ये कुणी बसून कट केला नव्हता, की बायकांना वर येऊ द्यायचं नाही. एक उंच मिस्त्री होता. त्यानं आपला हात जिथं सहज पोचला तिथं अँगल मारला. त्याच्या मनात आम्ही नव्हतोच. आपल्याकडे बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, पुरुषाची त्याहून पाचेक इंच जास्त. पाच इंच म्हणजे फार नाही वाटत. पण ओटा, नळ, बसची दांडी, यंत्राचा खटका, यातलं काय कुणाच्या उंचीवर आहे ते एकदा मोजून बघा. ओटा तेवढा आपल्या मापाचा करून देतात.

१९७६ चा समान वेतन कायदा होता. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सारखं काम, सारखा दाम. पण काम सारखं कधी होतं? हत्यार हातात आलं तर. कायदा हजेरीपुस्तक बघतो, हत्यार कुठं टांगलंय ते बघत नाही. सुधा मूर्तींची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं होतं, त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात इंजिनियर म्हणून रुजू झाल्या. पुढं चाकणला बजाजनं २०१६ मध्ये डॉमिनार गाडी आणली, ती जोडायला बायकांची तुकडी उभी केली. म्हणजे दार उघडतं. मला आनंदच आहे. पण मोठ्या कारखान्यात यंत्राची जागा ठरवायला इंजिनियर असतात, ते माणसाची उंची धरून आखणी करतात. ठेकेदाराच्या शेडमध्ये अँगल मारणारा तोच आखणी करणारा. आणि आपल्यातल्या बहुतेकजणी कामाला असतात त्या शेडमध्ये.

तर ते काम सुटलं, ते कसं हा वेगळा विषय आहे. मी घरीच पाट, चौरंग, स्टुलं, भिंतीची कपाटं करायला लागले. जवळच्या दोघीजणी बरोबर आल्या. शिकंजे एकेक करून जमवले, पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी जाऊन, गंजलेले घासून. घरी काम करणाऱ्या बाईला शिकंजा किती लागतो ते मी सांगते. पुरुष सुताराला 'धर गं' म्हणायला बायको असते, पोरगी असते. आपल्याला कोण धरणार? शिकंजा धरतो. सरस लावला, दोन क्लॅम्प आवळले, की निदान अर्धा तास लाकडाला हात लावायचा नाही. तेवढ्यात भाकरी होतात, पाणी भरून होतं. पुरी ताकद यायला चोवीस तास लागतात, तोवर त्यावर भार द्यायचा नाही. म्हणजे घरकामाच्या मधेमधे बसणारं हे एकच सुतारकाम आहे, आणि ते शिकंज्यांमुळे.

पण शिकंजे होते कुठं? पलंगाखाली, गोणपाटात. आणि पलंगावर सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई उठल्या तर माझं काम सुरू, त्या झोपल्या तर बंद. काढताना एकात एक अडकलेले. एकदा तीन फुटी क्लॅम्प ओढताना सी क्लॅम्प पायावर आला, अंगठ्याचं नख काळं होऊन पडलं. आणि संध्याकाळी सगळं परत आत ढकलायचं, म्हणजे नवरा घरी आला की घर 'घरासारखं' दिसलं पाहिजे. आलेल्या माणसाला दिसायचं काय? काहीच नाही. 'वहिनी काय करतात?' 'घरीच असतात.' मला वाटतं, बाईचं काम न दिसण्याची सवय आपणच रोज संध्याकाळी पलंगाखाली ढकलून पक्की करतो.

शेवटी मी म्हटलं, मला भिंत पाहिजे. नवरा म्हणाला, 'भिंतीला भोकं पाडायची? घरमालक काय म्हणेल?' टीव्हीसाठी चार भोकं पाडलीच होती. त्या चार भोकांना घरमालक आठवला नव्हता. दोन दिवस अबोला. गंमत म्हणजे माझ्या बाजूनं बोलल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, 'माझ्या अंगाखालचं लोखंड काढ एकदाचं, मला झोपेत टोचतं.' त्यांना स्त्रीमुक्ती वगैरे काही नको होती, झोप पाहिजे होती. चालेल!

आता फळीचं सांगते. नीट ऐका, कारण यात मी चुकले आहे.

पहिल्यांदा आपली उंची मोजा. भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि खांद्याशी खडूची रेघ मारा, कमरेशी दुसरी. जड शिकंजे या दोन रेघांच्या मधे. खांद्याच्या वर फक्त हलके, म्हणजे स्प्रिंगचे चिमटे. आमच्यात तिघींत मी सगळ्यांत बुटकी, म्हणून माझी रेघ धरली. उंच बाईला दोन इंच वाकावं लागतं, बुटकीला मात्र हत्यारच मिळत नाही, म्हणून माप बुटकीचं घ्यायचं. माझी खांद्याची रेघ चार फुटांवर आली. तीन फुटी क्लॅम्प तिथं टांगला तर खाली फूटभर मोकळं राहतं, झाडू फिरतो.

मग वजन करा. माझे सगळे शिकंजे गिरणीच्या काट्यावर नेले. साडेचोवीस किलो भरले. गिरणीवाला म्हणाला, 'दळायचंय का?'

एफ आणि लांब क्लॅम्पसाठी फणीसारखी फळी करायची. चार-पाच इंच रुंद फळी भिंतीपासून आडवी पुढं काढायची आणि पुढच्या काठातून आत खाचा पाडायच्या. पट्टी खाचेत जाते, वरचा जबडा फळीवर बसतो, क्लॅम्प खाली लोंबतो. काढताना वर उचलायची गरज नाही, नुसता पुढं ओढायचा. खाच पट्टीच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकतो. दोन खाचांत अडीच-तीन इंच अंतर, मुठी एकमेकींना लागू नयेत म्हणून. खाच पाडायला यंत्र नको. आतल्या टोकाला ड्रिलनं भोक पाडायचं, काठापासून भोकापर्यंत करवतीचे दोन काप घ्यायचे, मधला तुकडा निघून येतो. फळी लावताना पुढचा काठ जरासा वर ठेवा, म्हणजे धक्का लागला तरी क्लॅम्प सरकून पायावर येत नाही.

माझी चूक अशी झाली, की मी पहिली फळी पॅलेटच्या पाइनची केली. सुंदर दिसत होती. आठव्या दिवशी दोन दात तुटले. तुटणारच होते. फळीच्या रेषा लांबीच्या बाजूनं जातात आणि आपण खाचा आडव्या पाडतो, म्हणून प्रत्येक दाताला आतून धरून ठेवणारी रेषाच राहत नाही. वडील असते तर म्हणाले असते, 'रेषा न बघता करवत लावलीस?' खाचांची फळी प्लायवूडची करा, अठरा मिलिमीटरची. त्यात थर उलटसुलट असतात, दात टिकतात. फर्निचरवाल्याकडे तुकडे पडलेले असतात. खालून दोन त्रिकोणी आधार द्या, तीन फुटांच्या फळीला दोन पुरतात.

सी क्लॅम्पसाठी फणी नको. दोन आधारांमध्ये अर्धा इंची नळाचा तुकडा आडवा घाला आणि त्यावर सी अडकवा, की झालं. चिमट्यांना तर नुसती पातळ पट्टी पुरते, ते स्वतःच तिला चावून बसतात.

पॅलेटचं लाकूड बाकीच्या सांगाड्याला चालतं, पण शिक्का बघून घ्या. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड उष्णतेनं शेकलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबी घरात आणू नका. तेलानं काळं पडलेलंही नको. हे शिक्के मी स्वतःच्या हातानं मारले आहेत, आणि त्यांचा अर्थ मला शेडमध्ये कुणी सांगितला नव्हता.

आता भिंत. आपल्यातल्या निम्म्याजणी भाड्याच्या खोलीत. अकरा महिन्यांनी घरमालक म्हणतो, उठा. मग फळी कशी न्यायची? त्यासाठी एक युक्ती आहे. चार इंच रुंद लाकडी पट्टी लांबीनं मधोमध तिरकी चिरायची, पंचेचाळीस अंशात. स्वतःला जमत नसेल तर वखारीत चिरून मिळते. एक अर्धं भिंतीवर, तिरका काठ वर आणि उतार भिंतीकडे, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये खोबण तयार होते. दुसरं अर्धं सांगाड्याच्या पाठीला, उलटं. सांगाडा वरून त्या खोबणीत बसवला की बसला. वजन जितकं जास्त तितका तो भिंतीकडे ओढला जातो. सांगाड्याच्या पाठीला खालीही तेवढ्याच जाडीची पट्टी मारा, नाहीतर तो खाली भिंतीला टेकून वाकडा बसतो. उचलायचा झाला तर दोघींनी वर उचलला की निघाला. भिंतीवर राहते फक्त एक पट्टी आणि चार स्क्रू. गेल्या पावसाळ्याआधी मी खोली बदलली तेव्हा टेंपोत पहिला चढला तो हा सांगाडा. आणि मधे पाऊण इंच फट राहते, म्हणून ओल आलेल्या भिंतीचा गंज शिकंज्यांना कमी लागतो. आट्यांना महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्यायचाच, आणि टांगताना आवळून टांगायचे नाहीत.

स्क्रूसाठी आठ मिलिमीटरचं भोक, प्लॅस्टिकची गिट्टी, अडीच इंची स्क्रू. गिट्टी विटेत गेली पाहिजे. नुसत्या गिलाव्यात राहिली तर फळी पोपड्यासकट खाली येते. पत्र्याची खोली असेल तर पत्र्याला काहीही टांगू नका, उभ्या अँगलला टांगा. आणि शिकंजे चढवायच्या आधी पाण्यानं भरलेले पंधरा लिटरचे दोन कॅन रात्रभर टांगून ठेवा. सकाळी पट्टी हललेली नसेल तर निर्धास्त व्हा. आमच्याकडे पहिल्या रात्री नवरा दोनदा उठून बघून आला.

लाकडाचं मात्र अवघड झालं आहे. आम्ही जुनी पॅलेटं कुदळवाडीतून आणायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो शेडं पाडली गेली, त्यात आमचा लाकूडवालाही उठला. भंगार वेचणाऱ्या, फळ्या निवडणाऱ्या कितीतरी बायका तिथं होत्या. त्यातल्या कोण कुठं गेल्या याचा शोध आपल्या गटानं घ्यावा असं मी मागच्या बैठकीत म्हटलं होतं, आज पुन्हा म्हणते.

आणखी एक. फळी लागल्यावर आमच्या हिशेबात फरक पडला. आधी आम्ही पाटाची किंमत लाकूड, सरस, खिळे एवढीच धरायचो. शिकंजे भिंतीवर आल्यावर एकजण म्हणाली, 'एवढी भिंत अडली, तिचं भाडं कोण देतं?' खरंच, कोण देतं? घरी काम करणारी बाई जागा देते, वीज देते, आणि कायद्याच्या हिशेबात तिचं घर कारखाना नसतं. १९४८ चा कारखाना कायदा वीज वापरून दहा माणसं असली तर लागू व्हायचा, २०२० च्या संहितेनं तो आकडा वीस केला. आम्ही तिघी. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, भारतानं तो अजून मान्य केलेला नाही. ते होईल तेव्हा होईल. आम्ही खोलीच्या भाड्याचा सहावा हिस्सा मालाच्या किमतीत धरायला लागलो. एक गिऱ्हाईक तुटलं. बाकीची टिकली.

आणि एक मजा. परवा एक जुना मिस्त्री चौरंगाची चौकशी करायला घरी आला. त्यानं सांगाडा बघितला, क्लॅम्प काढायला हात घातला आणि म्हणाला, 'ताई, जरा खाली झालं हो. वाकावं लागतं.' मी म्हटलं, 'हो.'

ज्यांना सांगाडा करायचा आहे त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी माझ्याकडे या. एकीची पट्टी चिरायला जो वेळ लागतो त्यात चारजणींच्या होतात. मोजपट्टी आणि खडू आणा. आपापल्या खांद्याची रेघ मात्र घरीच मारून, आकडा लिहून आणा. माझ्या भिंतीवरचं माप माझं आहे.